पाच रेघांचं अक्षर

चौथ्या दिवशीही
मी कोट खुंटीला अडकवायच्या आत
फोन वाजत होता.

"कामिझावा नगर कार्यालय, बोला."
पलीकडे आधी नुसता श्वास,
मग "खुनी" हा शब्द,
इतका स्वच्छ उच्चारलेला
की आरशासमोर सराव केला असावा.

आमच्याकडे मोजदाद करतात
पाच रेघांच्या एका अक्षरानं.
एकेक रेघ जोडत जायचं,
पाचवी मारली की अक्षर पुरं,
आणि त्या अक्षराचा अर्थ: बरोबर.
सोमवारपासून माझ्या वहीत
पाच पाच शिव्यांमागे एक एक "बरोबर"
ओळीनं उभं राहिलंय.
एकेचाळीस झाली.

अस्वलीण दोन दिवस त्या झाडावर होती,
ओसाड घराच्या परसात, पर्सिमनच्या शेंड्याला,
फांद्या मोडून स्वतःपुरती बैठक करून.
टीव्हीची गाडी आली.
देशानं तिचं नाव ठेवलं, मोमोका.
तिसऱ्या दिवसापासून
आम्हाला नावं ठेवली.

"भुलीचं इंजेक्शन का नाही दिलं?"
डॉक्टर तीन तासांवर असतात, बाई.
आणि भूल चढेपर्यंत बिथरलेलं जनावर
कुठल्या अंगाला पळेल, कुणी सांगावं?
खाली शाळा आहे.
पोरांच्या दप्तरांना घंटा बांधल्यात आम्ही,
चौदा पोरं, चौदा घंटा.
हे मी आदबीनं सांगते, छापील कागदावरून.
"तुझ्या पोरांना गोळी घालून बघ,"
एक माणूस म्हणाला,
मग थांबून, "माफ करा," आणि ठेवला.
त्याची रेघ मारली.
माफीला वेगळा रकाना नाही.

तोकुझो आजोबा मंगळवारी अर्ज भरायला आले.
वय अठ्ठ्याहत्तर. चष्मा विसरले, माझा घेतला.
संख्या: एक. लिंग: मादी.
मेहनताना: आठ हजार येन, काडतूस धरून.
"घरचा फोन बायकोनं भिंतीतून उपटला," म्हणाले.
मग शिक्का उमटवताना, माझ्याकडे न बघता,
"शेवटपर्यंत चावत होती गं.
तोंडात घास होता."
त्या कागदावर दुसरा शिक्का माझा आहे.
हे मला फोनवर अजून कुणी विचारलेलं नाही.

आज दुपारी एक बाई, योकोहामाहून.
तीही आधी ओरडलीच, रीतसर,
लाज कशी वाटत नाही, डोंगर तिचाच होता,
आगंतुक तुम्ही. मी हूं हूं करत होते.
मग तिनं विचारलं, कुठलं घर?
ओढ्यापलीकडचं, म्हटलं, निळ्या पत्र्याचं,
दारात गंजलेलं मळणीयंत्र.

फोनवर शांतता झाली की
आमच्या ऑफिसातलं घड्याळ ऐकू येतं.

"ते झाड बाबांनी लावलेलं," ती म्हणाली.
"तुरट जातीचं. सोलून दोरीला टांगायचो ओसरीत.
आई म्हणायची, हिवाळा खाऊन गोड होतात."
"अकरा वर्षं झाली मला तिकडे येऊन."
आणि खूप वेळानं:
"यंदा धरली होती का?"

धरली होती, म्हटलं. लगडलं होतं.
वरची अजून आहेत.
उतरवायला कुणी नाही.

तिनं ठेवला नाही. मीही नाही.
वहीत बेचाळिसावं अक्षर
तीन रेघांवर आलेलं,
पेन चौथीच्या जागी टेकलेलं, शाई पसरत,
आणि खिडकीबाहेर
ते झाड तोडायला निघालेली आमची गाडी
इंजिन चालू ठेवून
माझ्या शिक्क्याची वाट बघत होती.